दुसरी पदवी : कालची वाट आणि आजची वाट



घरातला मुलगा बी.ए. झाला की आपण पेढे वाटतो. त्याने पुढे दुसरी पदवी घ्यायची म्हटले की मात्र वडील गप्प होतात. शहरातले भाडे, खानावळ, फी यांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा हिशेब खोटा नाही. पण आपल्या भागातील मागच्या पिढ्यांनी तो कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

दुसरी पदवी ही चैन नव्हे. वकिलाची एल्एल.बी. आणि शिक्षकाची बी.एड. या बहुधा पहिल्या पदवीवर मिळविलेल्या दुसऱ्या पदव्याच होत. यशवंतराव चव्हाणांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली देवराष्ट्रे येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा आपल्या शिराळ्याप्रमाणेच सातारा जिल्ह्यात होते. वडील लहानपणीच वारले. आई विठाई आणि थोरल्या भावांनी घर सांभाळले. यशवंतराव १९३८ साली कोल्हापुरात बी.ए. झाले आणि १९४१ साली पुण्यात एल्एल.बी. प्रत्येक पदवीसाठी गाव सोडावे लागले.

हा भार गरिबाला पेलावा म्हणून आधी वसतिगृहे निघाली. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केले. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले श्रम करून शिकू लागली. 'कमवा आणि शिका' हे नाव पुढे घरोघर पोचले.

मग विद्यापीठच जवळ आले. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ निघाले. पदवीसाठी दोनदा घर सोडणाऱ्या यशवंतरावांचेच नाव नाशिकच्या विद्यापीठाला आहे! येथे विद्यार्थी घरी राहून पुस्तके वाचतो, अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन घेतो आणि परीक्षा देतो. भाडे आणि खानावळ, हे दोन मोठे खर्च उरतच नाहीत. शिवाय २०२२ सालापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास परवानगी दिली आहे. एक पदवी कॉलेजात जाऊन, दुसरी दूरशिक्षणाने, असेही करता येते.

तथापि स्वस्ताईला भुलू नका. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आयोगाने मान्य केलेला आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहा. पत्रद्वारा घेतलेल्या एल्एल.बी.वर वकिलीची सनद मिळत नाही. त्यासाठी कॉलेजात नियमित बसावेच लागते. दूरशिक्षणाची बी.एड. ही सेवेतील शिक्षकांसाठी असते. नव्या पदवीधराने मान्यताप्राप्त अध्यापक महाविद्यालयातच जावे.

पालकहो, लग्न ठरले म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका. तिची दुसरी पदवी सासरी राहूनही पुरी होऊ शकते. इल्म मिळविणे हे आपल्याकडे फर्ज मानले आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. पूर्वी शिकण्यासाठी गाव सोडावे लागे. आज शिक्षण उंबऱ्यापर्यंत आले आहे. दार उघडणे तेवढे आपल्या हाती आहे.