शिल्पशिक्षणाचा खर्च आणि त्याचें फळ

नवी यंत्रविद्या देशांत आली म्हणजे ती चालविणारे हात कोठून आणावयाचे, आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च सोसावयाचा कोणी, हा प्रश्न आजचाच आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो जुना असून आपल्या स्मृतिकारांनीं त्याचा विचार केलेला आहे.

नारदस्मृतींत शिल्प शिकूं इच्छिणाऱ्या अंतेवासीचें प्रकरण आहे. त्याचा आशय असा : शिष्यानें आप्तांच्या संमतीनें आचार्याजवळ राहावें व राहण्याची मुदत आधीं ठरवावी. आचार्यानें त्यास घरीं अन्न द्यावें, पुत्राप्रमाणें वागवावें, शिल्प शिकवावें. दुसरें काम सांगूं नये. शिल्प लवकर अवगत झालें तरी शिष्यानें मुदत पुरी करावी, आणि तोंवर त्याच्या कामाचें फळ आचार्याचें. याज्ञवल्क्याचाही अभिप्राय हाच. म्हणजे जो पोसतो त्यास फळ मिळतें, परंतु तें मुदतीपुरतेंच. मुदत सरली कीं विद्या शिष्याची.

सुताराच्या किंवा सोनाराच्या घरीं ही व्यवस्था पुरेशी होती. आगगाडी आली तेव्हां ती अपुरी पडली. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें गाडी सुरू झाली. १८५६ त बोरघाटाचें काम निघालें व १८६३ त पुरें झालें. ऐन भरांत तेथें ४०,००० हून अधिक माणसें राबत होतीं. बोगदा, पूल, कालवा यांची मोजणी व देखरेख करणारा माणूस कोणत्याच कारागिराच्या घरीं तयार होत नव्हता. तेव्हां आचार्याचें स्थान सरकारनें घेतलें. उत्तरेंत गंगेच्या कालव्याच्या निमित्तानें १८४७ त रुडकीस विद्यालय निघालें होतें. पुण्यास १८५४ त ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालें. सार्वजनिक बांधकामांस दुय्यम अंमलदार पुरविणें, हा त्याचा हेतु होता. पुढें विद्यापीठाशीं संबंध जडला. १८७९ त ‘कॉलेज ऑफ सायन्स’ व १९११ त ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ अशीं नांवें पडलीं. ताम्रपटांतील नांवांवरून वंशावळ लावणाऱ्या वाचकांनीं ही नामावळीही पाहावी : ‘मेकॅनिकल स्कूल’ हे शब्द तींतून गळाले ते परत आले नाहींत. एवढ्यावरून कारागिरीचें शिक्षण थांबलें असें आम्ही म्हणत नाहीं. प्रतिष्ठा कोणीकडे वळली एवढें मात्र दिसतें.

दुसरा मार्ग धनिकांचा. मुंबईस १८८७ त व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिला सर दिनशा पेटिट या गिरणीमालकांचें साहाय्य होतें. गिरण्यांस शिकलेले हात हवे होते.

तिसरा मार्ग बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनीं १८९० त कलाभवन स्थापून त्रिभुवनदास गज्जर यांच्या हातीं दिलें. धंदेशिक्षण देशी भाषेंतून द्यावें, हा गज्जरांचा आग्रह. खर्च संस्थानचा, विद्या विद्यार्थ्याची. दादासाहेब फाळके तेथें शिकले व १९१३ त त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. कलाभवनाचा खर्च मंजूर करणाऱ्या कारभाऱ्यांच्या मनांत हें फळ खचित नसेल. परंतु विद्या मोकळी सोडली होती म्हणूनच तें आलें.

स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें मालकावर विद्यावेतनाचा भार घातला. मुदतीनंतर त्याच मालकाकडे राहण्याचें बंधन, करारांत तसें कलम नसल्यास, उमेदवारावर नाहीं. नारदाचाच हा न्याय होय. २०२५ त अमेरिकेंत गूगल कंपनीनें वीजकामगारांच्या शिक्षणास पैसा देण्याचें जाहीर केलें. डेटा सेंटरांस वीज हवी व ती जोडणारे हात अपुरे आहेत. अशा दानाची आम्ही निंदा करीत नाहीं. मात्र त्याची परीक्षा जुनीच आहे : मुदत ठरली आहे काय, शिल्पावांचून दुसरें काम सांगितलें जातें काय, आणि शेवटीं विद्या कोणाची राहते?

या प्रश्नांचीं आपल्या प्रांतांतील उत्तरें राजपत्रांपेक्षां कारागिरांच्या घरीं अधिक सांपडतील. संग्राहकांच्या रुमालांत लोहार, तांबट, गवंडी यांचे उमेदवारीचे करार, मजुरीच्या याद्या, कारखान्यांचे दाखले असल्यास ते क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत, त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे. सनदा आपण पुष्कळ जपल्या. आतां शिकणाऱ्यांचीं कागदपत्रें जपावीं.