निळी कुत्री आणि पाच दिवसांचा प्रश्न

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची भटकी कुत्री दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्याचे रंगीत सांडपाणी कासाडी नदीत जाते अशी तक्रार झाली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. नदीत मासळी उरली नाही, असे तेथील कोळी त्याआधीपासून सांगत होते. पण नसलेल्या मासळीचे छायाचित्र कसे निघणार?

अशा घटनेनंतर मुले प्रकल्पासाठी हमखास 'कासाडीचे प्रदूषण' हा विषय आणतात. विषय चांगला, पण तो प्रश्न नव्हे. 'नदी घाण आहे का?' असे विचारले, तरी काय मोजायचे ते कळत नाही.

इंग्लंडमध्येही हीच अडचण होती. सांडपाण्यासंबंधी तेथे १८९८ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला. घाण शेकडो प्रकारची. त्यातली कोणती मोजायची? आयोगाने प्रश्नच बदलला : हे पाणी बंद बाटलीत ठेवले, तर पाच दिवसांत त्यातला किती प्राणवायू खर्च होतो? विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंक्लरची रीत १८८८ पासून हाताशी होतीच. १९१२ च्या अहवालात आयोगाने नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. पाचच दिवस का? तेथील नद्यांचे पाणी तेवढ्यात समुद्राला मिळते म्हणून, असे सांगतात. आपल्याकडे पाणी उबदार, जिवाणूंचे काम वेगाने चालते. म्हणून आपण ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करतो.

तळोज्यात मात्र हा प्रश्न जसाच्या तसा उचलता येत नाही. पाण्यात विषारी द्रव्ये असली, तर जिवाणूच मरतात, प्राणवायू फारसा खर्च होत नाही, आणि पाणी कागदावर स्वच्छ ठरते! शाळेला परवडणारी मिथिलीन ब्ल्यूची चाचणी तर रंगीत सांडपाण्यात फसतेच. या चाचणीत नमुन्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीत निळ्या द्रावणाचे काही थेंब टाकून, बूच लावून ती अंधारात ठेवतात. प्राणवायू संपला की निळा रंग उडतो.

तेव्हा प्रश्न आणखी छाटावा. वसाहतीपासून दूर, घरगुती सांडपाणी मिळणारा एखादा ओढा घ्यावा. 'सांडपाणी मिळण्याआधीच्या आणि नंतरच्या पाण्यात रंग उडायला किती तास लागतात?' एवढेच विचारावे. नमुने शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून, एकाच दिवशी घ्यावेत. कारखान्यांच्या पाण्याविषयी यातून काहीच कळत नाही, हेही मुलांना अहवालात लिहू द्यावे. कोळ्यांच्या तक्रारीसाठी वेगळा प्रश्न आणि वेगळी प्रयोगशाळा लागेल.