किल्ली एका हाती नको



आज इतिहासातली गोष्ट सांगायची आहे. तिच्यात लढाई थोडी आहे आणि हिशेब जास्त आहे. हजारो हत्यारबंद माणसं एका जागी जमली की त्यांना ताब्यात कसं ठेवायचं? हा प्रश्न राजाचा वाटतो, पण त्याची झळ पहिली बसते बाईला. लष्कर गावावरून गेलं की आधी रिकामी होते ती घरातली कणगी, आणि वैरण जाते ती आपल्या गोठ्यातली.

शिवाजी महाराजांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या पायदळात नऊ पाईक आणि त्यांच्यावर एक नाईक असायचा. पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि सगळ्यात वर सरनोबत. म्हणजे प्रत्येक माणसाला नावानं ओळखणारा कुणीतरी होता. घोडदळात पंचवीस स्वारांमागे एक हवालदार, आणि त्यांच्या सोबत पाणी देणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. तहान आणि घोड्याची टाप, दोन्हींची सोय आधीच लावलेली होती.

स्वार दोन तऱ्हेचे. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. महाराजांचा भर बारगिरांवर होता. घोडा सरकारचा, पगार सरकारचा, मग हुकूमही सरकारचाच चालणार. पगाराच्या बदल्यात गाव तोडून द्यायला ते राजी नसत. शिपायाला गावच दिलं, तर तो रयतेचा मालक होऊन बसेल, हे त्यांना दिसत होतं.

आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीला लागतात आणि पावसाळ्याआधी परततात. महाराजांचं लष्करही दसऱ्यानंतर निघे, आठ महिने बाहेर राही आणि पावसाळ्यात छावणीला येई. निघताना प्रत्येकाजवळ काय काय आहे त्याची यादी व्हायची. परतल्यावर झडती. यादीपेक्षा जास्त निघालं तर ते सरकारजमा. स्वारीत बायका किंवा कलावंतिणी न्यायला मनाई होती, आणि परमुलखातल्या बाईला हात लावायचा नाही असा सक्त हुकूम होता.

राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना आणि हवालदारांना महाराजांनी एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: दाणा-वैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. मग रयतेला मोगलांपेक्षा तुम्हीच जाचक वाटाल. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या. याच पत्रात त्यांनी रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असंही बजावलं. गवताची गंजी राखणाऱ्या बाईला जी काळजी असते, तीच त्या राजाला होती.

किल्ल्यावरची व्यवस्था तर आपल्या बचत गटासारखी होती. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघं बरोबरीच्या दर्जाचे. हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, धान्यसाठा आणि दारूगोळा चौथ्याकडे, म्हणजे कारखानिसाकडे. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींतले नेमत, म्हणजे सगळे मिळून फितूर होणं अवघड. आपल्या गटातही एकीकडे पेटी, दुसरीकडे किल्ली आणि तिसरीकडे वही असतेच ना?

ही अक्कल जगात इतरत्रही होती. दोन हजार वर्षांहून आधी चीनमधल्या छिन राज्यात पाच-पाच शिपायांची तुकडी असे आणि एक पळाला तर बाकीच्यांना जाब द्यावा लागे. तिथे सेनापतीला काशाचा छोटा वाघ देत, पण अर्धाच. दुसरा अर्धा भाग राजाजवळ. पन्नासांहून जास्त शिपाई हलवायचे तर दोन्ही अर्धे जुळवून दाखवावे लागत.

मग आपल्याकडे ही घडी विस्कटली कशी? १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावं लागलं आणि खजिना रिकामा झाला. मोगलांशी लढायला माणसं तर हवी होती. म्हणून सरदारांना मुलूख तोडून दिले गेले. त्यानं स्वराज्य तगलं, पण फौज ज्याच्या मुलखावर पोसली गेली, त्याचीच झाली.

याचं फळ आपल्याच बीड जिल्ह्यात दिसलं. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन आपल्याला शनीच्या दर्शनासाठी माहीत आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम अली यांची लढाई झाली. गोदावरी भरलेली होती. निजाम नदीपलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडे अडकला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी आणि त्यांचे चुलते रघुनाथरावांनी त्याला गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला, पेशव्यांचा मोठा विजय झाला.

पण लढाईआधीची गोष्ट ध्यानात ठेवा. नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या बाजूला होते. त्याच वर्षी त्या फौजांनी पुणं लुटलं, जाळलं. पुढे मुलूख देण्याचं वचन मिळालं, तेव्हा ते ऐन वेळी निजामाला सोडून निघाले. फौज त्यांची स्वतःची, मग त्यांना अडवणार कोण? पेशव्यांना तेव्हा फायदा झाला, पण नंतर त्याच जानोजींवर माधवरावांना स्वाऱ्या कराव्या लागल्या. ते प्रकरण १७६९ च्या तहापर्यंत चाललं.

नियम करणारा शहाणा असला तरी तेवढ्यानं भागत नाही. पगार कोण देतो, वही कोण लिहितो आणि झडती कोण घेतो, यावर सगळं चालतं. ते एकाच हाती गेलं की गोरगरिबांच्या घरातली कणगी रिकामी व्हायला वेळ लागत नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या गटाची वही उघडा. वाचता येत नसेल त्या मावशीला मोठ्यानं वाचून दाखवा. झडती घ्यायचा हक्क तिचाही आहे.

रामराम.