घरमालक गेला, बिल्डर आला

मुंबईतल्या आर्किटेक्टच्या व्यवसायाचा इतिहास बहुधा संस्था आणि कायद्यांच्या वाटेने सांगितला जातो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्राफ्ट्समनसाठी वर्ग सुरू झाला आणि त्यातून पुढे वास्तुकलेचा अभ्यासक्रम उभा राहिला. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या संघटनेतूनच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स आकाराला आली. १९७२ मध्ये संसदेने आर्किटेक्ट्स ॲक्ट केला. असं पाहिलं तर टप्प्याटप्प्याने प्रतिष्ठा वाढतच गेलेली दिसते. पण या व्यवसायाच्या हाती प्रत्यक्षात काय उरलं हे समजून घ्यायचं, तर इमारतीत पैसा कोण घालतं आणि तो कसा वसूल करतं, हे आधी पाहायला हवं.

बोरीबंदर स्थानकाच्या बांधकामावर त्याचे आर्किटेक्ट स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी ताजमहाल हॉटेलचा आराखडा केला. ते हॉटेल १९०३ मध्ये उघडलं तेव्हा आर्किटेक्टांची संघटनाही नव्हती, कायदाही नव्हता. होता तो जमशेटजी टाटांसारखा, टिकाऊ वास्तू हवी असलेला मालक. १९३० च्या दशकात ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हलगत आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, गजानन म्हात्रे यांच्यासारख्यांची कारकीर्द बहरली, त्यामागेही असाच मालक होता. तो इमारत बांधून भाड्याने देई. ती त्याच्या मुलानातवंडांची मिळकत असे. जिन्यात उजेड असावा, गच्ची गळू नये, फरशी झिजू नये यात त्याचा रोकडा फायदा होता, म्हणूनच आर्किटेक्टने कठड्याच्या जाळीपर्यंत घातलेलं लक्ष त्याला परवडत होतं.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा हिशेबच मोडला. भाडी गोठली, भाड्यासाठी बांधणं आतबट्ट्याचं झालं आणि विकायच्या फ्लॅटचा जमाना आला. त्या व्यवहाराला शिस्त लावायला १९६३ चा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा करावा लागला. पाठोपाठ १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याची मर्यादा, आली. बिल्डरचा हिशेब फ्लॅट विकले की संपतो. तीस वर्षांनी गच्ची गळली तर ती सोसायटीची डोकेदुखी. मग चौरस फुटांची गणितं जुळवणारा, महापालिकेतून बांधकामाची मंजुरी (आयओडी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) काढून देणारा ‘लायझनिंग आर्किटेक्ट’ महत्त्वाचा ठरला, यात नवल नाही. रेरा या स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यानेही प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढताना आर्किटेक्टचा दाखला आवश्यक केला. सहीचं वजन वाढलं, पण मला खेद वाटतो तो आराखड्याचं वजन घटल्याचा.

यावर कोणी म्हणेल, कायद्याने व्यवसायाला कवच तर दिलं. हे अर्धंच खरं आहे. आर्किटेक्ट्स ॲक्टच्या कलम ३७ ने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखली आहे, इमारतींचे आराखडे करण्याचं काम नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. भाड्याचे ते देखणे फ्लॅट सुखवस्तूंचे होते. गिरणगावातला कामगार चाळीतल्या एका खोलीत राहत होता. हे मान्यच करायला हवं. भाडेकरूला संरक्षण देण्यामागची निकड खरी होती, आणि जुन्या घरमालकाला परत आणावं असं माझं म्हणणं नाही. चार्ल्स कोरिया यांचं नाव पुढे करून कोणी विचारील की, उत्तम काम नंतर थांबलं का? थांबलं नाही. पण कोरियांची बेलापूरची घरं सिडकोसाठी होती. तिथे गिऱ्हाईक सार्वजनिक संस्था होती, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही अंगण मिळावं असा विचार तिथे करता आला.

म्हणूनच स्वयंपुनर्विकासाकडे या व्यवसायाने बारकाईने पाहायला हवं. राज्य शासनाने २०१९ मध्ये त्यासाठी सवलती जाहीर केल्या. यात बिल्डरऐवजी सोसायटी स्वतः आर्किटेक्ट नेमते, म्हणजे बांधवून घेणारा आणि इमारत पुढे सांभाळणारा पुन्हा एकच होतो. सभासदांचा पहिला प्रश्न अजूनही वाढीव कार्पेट एरियाचाच असतो, आणि कर्ज उभं करताना सोसायट्यांच्या नाकी नऊ येतात. तरीही जिन्यातल्या उजेडाबद्दल बोलणाऱ्या आर्किटेक्टचं ऐकून घेण्यात या गिऱ्हाइकाचा स्वतःचा फायदा आहे.