दाखला घेऊन फिरणारी मुले

मंडळी, मी 1973 साली शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा 'समुपदेशक' हा शब्द आमच्या शिक्षकखोलीत कुणाच्या तोंडी नव्हता. मुलगा बिनसला की वर्गशिक्षक त्याच्या वडिलांना बोलावून घेत, आणि मुलगी गप्प गप्प राहू लागली की आम्हा बायकांपैकी कुणीतरी मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून घेई. एवढेच आमचे समुपदेशन. म्हणून माझी भाची जेव्हा बँकॉकमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झाली, तेव्हा नातेवाइकांत सगळ्यांनी विचारलेला प्रश्न मीही विचारला, "अगं, म्हणजे तू दिवसभर करतेस काय?"

ती हसली आणि म्हणाली, "मावशी, आमच्याकडे दरवर्षी कितीतरी मुलं शाळा सोडून जातात आणि तितकीच नवी येतात. जाणाऱ्यांना नीट जाऊ देणं आणि येणाऱ्यांना नीट येऊ देणं, हे माझं निम्मं काम."

हे उत्तर माझ्या डोक्यात राहिले. ही नोकरी आली कुठून, तिची गरज कुणाला आणि का वाटली, हे शोधत गेले. जे हाती लागले ते सांगते. इतिहास हा माझा आवडता विषय, तेव्हा थोडे मागे जावे लागेल.

पहिले महायुद्ध संपल्यावर जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये उघडली. देशोदेशीचे अधिकारी बायकामुलांसह तिथे येऊन राहिले. मुलांना शाळेत घालायचे कुठे? स्थानिक शाळेत घालावे तर उद्या मायदेशी परतल्यावर अडचण, आणि मायदेशी ठेवावे तर ताटातूट. म्हणून या अधिकाऱ्यांनी आणि आदोल्फ फेरिएर यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी मिळून 1924 साली जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा काढली. सुरुवातीला मुले होती अवघी आठ! त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामालाही अशीच एक शाळा निघाली.

गंमत म्हणजे जिनिव्हाच्या या शाळेशी आपलाही एक धागा आहे. 1926 च्या मार्चमध्ये जवाहरलाल नेहरू आजारी कमलाबाईंना उपचारासाठी घेऊन मुंबईहून बोटीने युरोपला गेले. बरोबर आठ वर्षांची इंदिरा होती. तिला याच शाळेत घातले, तेव्हा शाळेला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे या मुलीच्या शाळा किती बदलाव्यात? स्वित्झर्लंडमध्येच दुसरी शाळा, मग अलाहाबाद, मग 1931 पासून आपल्या पुण्यात वकील दांपत्याची 'प्युपिल्स ओन स्कूल', तिथून 1934 साली मॅट्रिक होऊन शांतिनिकेतन, पुन्हा युरोप. आई आजारी, वडील बहुतेक वेळ तुरुंगात. या काळात नेहरूंनी तुरुंगातून तिला जगाच्या इतिहासावर पत्रे लिहिली, ती आपण पुस्तकरूपाने वाचली आहेत. मी ती वर्गात मुलांना सांगत असे ते इतिहास म्हणून. आता मात्र वाटते की जागा बदलत राहिलेल्या एका मुलीच्या आयुष्यात सतत टिकून राहिलेली एक गोष्ट म्हणजे ती पत्रे होती.

आता समुपदेशकाकडे वळू. हा माणूस शाळेत आला तो अमेरिकेतून, आणि मनाच्या दुखण्यासाठी नव्हे तर पोटापाण्याच्या प्रश्नासाठी. 1907 साली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स येथे जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकांनी इंग्रजीच्या तासाला आठवड्यातून एकदा मुलांशी पुढच्या आयुष्याबद्दल, व्यवसायाबद्दल बोलायची पद्धत सुरू केली. पाठोपाठ 1908 मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. त्याच वर्षी ते वारले. त्यांचे पुस्तक 1909 मध्ये त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे साधे होते. आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, आणि मग दोन्हींची सांगड घाला.

बरीच वर्षे हे काम हळूहळू चालले. मग 1957 च्या ऑक्टोबरमध्ये रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. आपली हुशार मुले विज्ञानाकडे वळवायची कशी, या धास्तीतून 1958 साली तिथे शिक्षणाचा एक मोठा कायदा झाला. त्यात मुलांच्या चाचण्या घेण्यासाठी आणि शालेय समुपदेशक तयार करण्यासाठी पैसा दिला गेला. म्हणजे पाहा, उपग्रह रशियाचा, आणि त्यामुळे अमेरिकेच्या शाळाशाळांत समुपदेशकाची खुर्ची आली! जगभर पसरलेल्या अमेरिकी वळणाच्या शाळांनीही हाच नमुना उचलला.

आपल्याकडेही विचार झाला नव्हता असे नाही. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने शाळांत मार्गदर्शन हवे असे म्हटले, 1954 साली केंद्र सरकारने त्यासाठी एक केंद्रही काढले. कोठारी आयोगानेही या विषयाला जागा दिली. पण आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत ते पोचायला फार वर्षे लागली.

आंतरराष्ट्रीय शाळांत या समुपदेशकापुढे वेगळाच पेच होता. एकाच वर्गातला एक मुलगा इंग्लंडच्या विद्यापीठात जाणार, दुसरा फ्रान्सच्या, तिसरा अमेरिकेच्या. प्रत्येक देशाची परीक्षा निराळी, म्हणून वरच्या वर्गांत मुलांचे तुकडे पाडावे लागत. यातून वाट काढण्यासाठी 1968 साली जिनिव्हातच 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही सामाईक परीक्षा जन्माला आली. भारतात ती प्रथम 1976 मध्ये कोडाईकॅनॉलच्या शाळेने घेतली. ही शाळा 1901 साली अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली. त्याआधी अशा कुटुंबांतली मुले शिकायला मायदेशी पाठवली जात आणि आईबापांना वर्षानुवर्षे दिसत नसत.

आणि आता या गोष्टीतला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला भाग. तोही भारतात घडला! रूथ हिल यूसीम आणि जॉन यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य 1950 च्या दशकात दोनदा वर्ष-वर्षभर आपल्या तीन मुलांना घेऊन भारतात राहिले. इथे राहून काम करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की ही माणसे अमेरिकेतल्यासारखी राहत नाहीत आणि भारतीयांसारखीही नाहीत. त्यांची मधलीच एक तिसरी रीत तयार झाली आहे. त्यांच्या मुलांना रूथबाईंनी नाव दिले 'थर्ड कल्चर किड्स', आपण 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हणू. मोठी माणसे आपले गाव मनात घेऊन परदेशी जातात. मुलांच्या मनात ते गाव तयार होण्याआधीच ती निघालेली असतात, हा फरक.

पुढे डेव्हिड पोलॉक आणि स्वतः नायजेरियात वाढलेल्या रूथ व्हॅन रेकेन यांनी 1999 मध्ये या मुलांवर पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवून दिले की या मुलांना भाषा येतात, माणसे कळतात, पण त्यांच्या वाट्याला निरोपही फार येतात, आणि त्या प्रत्येक निरोपाचे दुःख करायला कुणी वेळ देत नाही. 'किती भाग्यवान, एवढं जग पाहिलंस!' असे म्हटले की पोराचे रडणे आतच राहते. पोलॉक यांनी निघण्यापूर्वी करायच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. कुणाशी बिनसले असेल तर मिटवणे, ज्यांनी माया केली त्यांना तसे सांगणे, माणसांचा आणि जागांचाही नीट निरोप घेणे, आणि मग पुढच्या गावाचा विचार करणे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की त्याचा शब्द होतो 'तराफा'. भाची तिच्या मुलांकडून हेच करून घेते. शाळेच्या माळ्याचा आणि बसच्या ड्रायव्हरचाही निरोप घ्यायला लावते. तिची स्वतःची नेमणूकही दोन-दोन वर्षांच्या कराराची, त्यामुळे हा तराफा तिलाही लागतो.

या कामाला एक काळी बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. 2014 साली उघड झाले की एका अमेरिकन शिक्षकाने सुमारे चाळीस वर्षे वेगवेगळ्या देशांतल्या दहा आंतरराष्ट्रीय शाळांत नोकरी करताना मुलांवर अत्याचार केले होते. त्याला 1969 मध्येच कॅलिफोर्नियात अशाच गुन्ह्यासाठी शिक्षा झाली होती, पण एका देशातली ही नोंद दुसऱ्या देशातल्या शाळेपर्यंत पोचलीच नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी एकत्र येऊन बालसंरक्षणासाठी कृतिदल नेमले आणि शिक्षकांची पूर्वपीठिका तपासण्याचे नियम कडक होत गेले. भाची म्हणते, "मावशी, जिथे सगळेच येऊन-जाऊन असतात तिथे वाईट माणूसही सहज निघून जातो. म्हणून मुलाला विश्वासाने बोलता येईल असं एक दार कायम उघडं लागतं." तिच्याकडे येणाऱ्या काही भारतीय पालकांना अजूनही वाटते की समुपदेशकाकडे जाणे म्हणजे डोक्यात बिघाड. त्यांना समजावण्यात तिचा बराच वेळ जातो.

हे सगळे वाचताना मला बँकॉकपेक्षा आमचीच शाळा जास्त आठवली. आमच्याकडेही बदलीची मुले होती. पाटबंधारे खात्यातल्या, बँकेतल्या, पोलिसांतल्या नोकरदारांची. ऐन सत्रात एक मूल येई आणि दोन वर्षांनी जाई. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली', 'कारण : वडिलांची बदली' एवढे दोन शब्द. दहावीच्या मुलांना निरोप समारंभ, पेढे, भाषणे. बदलीच्या मुलाला मात्र कारकुनाच्या खिडकीतून कागद. जगातल्या कुठल्याही सरकारी वसाहतीत वाढलेल्या मुलाला जिनिव्हातल्या मुलाचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

आज आपल्यापैकी कितीतरी घरांतली नातवंडे दुबई, सिंगापूर, अमेरिकेत वाढताहेत. सुट्टीत ती आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय रे, तुझं गाव कोणतं?" आणि पोर आईकडे बघते. समुपदेशक सांगतात की या मुलांना सर्वात अवघड जाणारा प्रश्न हाच. त्याऐवजी "तू कुठे कुठे राहिलास? तिथलं कोण आठवतं?" असे विचारून पाहा. मी यंदाच्या दिवाळीत माझ्या पुतण्याच्या मुलाला विचारले. एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारा तो मुलगा दोहाच्या जुन्या इमारतीतल्या पहारेकऱ्याबद्दल अर्धा तास बोलत होता. त्या पहारेकऱ्याचे नाव त्याला पाठ होते.

तुमच्या घरी अशी मुले असतील, किंवा तुम्ही स्वतः लहानपणी बदलीवर फिरला असाल, तर तुमचा अनुभव जरूर कळवा. वाट पाहते.