शुद्ध वाचनलोप

मेंदूला इजा झाल्यामुळे चांगले लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचे फक्त वाचन जाणे, अशी ही दुर्मीळ अवस्था आहे. वैद्यकात तिला प्युअर अलेक्सिया म्हणतात. बोलणे, ऐकलेले समजणे आणि लिहिणे बहुतांशी शाबूत राहते. रुग्ण स्वतःच्या हाताने पत्र लिहितो. जरा वेळाने तेच पत्र समोर धरले तर त्याला एक ओळ लागत नाही. बालपणापासून असणारा डिस्लेक्सिया वेगळा.

फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ जूल देजरीन यांनी १८९२ मध्ये केलेले वर्णन आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्यांचा रुग्ण म्हणजे पॅरिसमधला एक सुशिक्षित, निवृत्त कापड व्यापारी. १८८७ च्या ऑक्टोबरात त्याला एकाएकी वाचता येईना. चष्मा बदलायला हवा अशा समजुतीने तो नेत्रतज्ज्ञ एडमंड लांडोल्ट यांच्याकडे गेला. दृष्टी तीक्ष्ण होती, अक्षरांचा आकारही नीट दिसत होता. पण ‘ए’ चित्रकाराच्या ईझलसारखा, ‘झेड’ सापासारखा, ‘पी’ बकलासारखा, एवढेच त्याला सांगता येई. अक्षराचे नाव मात्र येत नसे. आकडे वाचणे, हिशेब करणे, पत्ते खेळणे पूर्ववत चालू होते. १८९२ च्या जानेवारीत दुसरा झटका आला, त्यात लिहिणेही गेले आणि काही दिवसांत तो वारला. शवविच्छेदनात दोन्ही झटक्यांच्या खुणा वेगवेगळ्या सापडल्या, म्हणून ही एकच नोंद इतकी मोलाची ठरली.

जुनी इजा डाव्या मेंदूच्या मागच्या भागात आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतुसेतूच्या मागच्या टोकाशी होती. बहुतेकांची भाषाकेंद्रे डाव्या बाजूला असतात. डावीकडचा दृष्टिभाग निकामी झाला की उजवीकडची नजर जाते. उरलेली अर्धी दृष्टी उजव्या मेंदूत पोचते, पण तिला भाषाकेंद्राकडे नेणारा पूलच तुटलेला असतो. नॉर्मन गेश्विंड यांनी १९६५ मध्ये ही तुटलेल्या जोडणीची मांडणी पुन्हा पुढे आणली. पुढे लॉराँ कोएन आणि स्टानिस्लास देहेन यांनी डाव्या मेंदूच्या तळाशी लिखित शब्द ओळखण्यात विशेष वाटा असलेला भाग दाखवला. तिथली इजाही हा विकार घडवते. डाव्या पश्च प्रमस्तिष्क धमनीत अडथळा येऊन झालेला पक्षाघात हे नेहमीचे कारण. गाठ, रक्तस्राव किंवा डोक्याला मार यांमुळेही तो होतो. त्यामुळे वाचन अचानक गेले तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

अनेक रुग्ण पुढे एकेक अक्षर जुळवत वाचतात. शब्द जितका लांब, तितका वेळ अधिक. बोटाने गिरवणे उपयोगी पडते, कारण हाताच्या हालचालीतून येणारी ओळख वेगळ्या वाटेने भाषेपर्यंत पोचते. तळहातावर कोणी गिरवलेला ‘क’ डोळे मिटूनही कळू शकतो. कॅनडाचे रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल यांना २००१ मध्ये पक्षाघात झाला आणि सकाळचे वर्तमानपत्र परक्या लिपीतले वाटू लागले. ते जिभेने दातांच्या मागे अक्षरे गिरवत वाचायला शिकले, आणि २००५ मध्ये त्यांची ‘मेमरी बुक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला गुप्तहेरही याच विकाराने ग्रस्त आहे. अशा माणसाला घरच्यांनी अडाणी समजू नये. त्याचे लिहिण्याचे काम काढून न घेता लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.