परळचे पिसवाघर



मैलारपूरचा खंडोबा आपल्या नळदुर्गाचा. त्याच खंडोबाची जेजुरीची एक आख्यायिका आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. मोगलांची फौज देवळावर चालून आली, तेव्हा भिंतीतून भुंग्यांचे मोहोळ उठले आणि त्याने शस्त्रधारी फौजेची दाणादाण उडवली. ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही, हा वाद आज घालावयाचा नाही. पण तिच्यातली जाण खरी आहे. तोफेला न भिणारा माणूस बोटाच्या पेराएवढ्या जिवापुढे पळ काढतो. आज मी ज्या जिवाचा इतिहास सांगणार आहे, तो भुंग्याहूनही लहान आहे. त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईसारखे शहर निम्मे रिकामे केले. तो जीव म्हणजे पिसू.

विषय असा का निवडला, ते सांगितले पाहिजे. हल्ली किडे, फुलपाखरे, कोळी, विंचू जिवंत ठेवून लोकांना दाखवण्याची संग्रहालये जगभर झाली आहेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८८१ साली कीटकांसाठी निराळे घर उघडले. काचेच्या पेट्यांत अळीचा कोष आणि कोषाचे पाखरू होताना तेथे पाहता येऊ लागले. आपल्याकडे ठाण्याजवळ ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ब्लू मॉर्मन या पाखराला राज्य फुलपाखराचा मानही दिला. मुले अशा ठिकाणी जातात, डोळे विस्फारून पाहतात, हे चांगलेच आहे.

त्याही आधी युरोपात पिसवांची सर्कस असे. पिसवेला केसाएवढी तार बांधावयाची, कागदाची गाडी ओढावयास लावावयाचे आणि तिकीट घेऊन तो खेळ दाखवावयाचा. १८३०च्या सुमारास लंडनमध्ये बर्तोलोत्तो नावाचा एक इटालियन गृहस्थ या धंद्यात मोठा नावाजला होता. लोक भिंगातून पिसू पाहत, हसत आणि घरी जात. पिसवेला इतक्या जवळून पाहूनही तिच्यापासून माणसाला काय धोका आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. पाहणे आणि ओळखणे यांत किती अंतर असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ती ओळख पटली आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या परळात, गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात. त्या जागी तिकीट नव्हते, प्रेक्षक नव्हते. तरीही महाराष्ट्रातले सर्वांत मोलाचे कीटकगृह कोणते असे मला कोणी विचारले, तर मी परळच्या त्या लहान खोल्यांकडेच बोट दाखवीन.

आता मूळ हकिकतीकडे वळू. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना एका रोग्याच्या जांघेत गाठ आढळली आणि हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आहे, असे त्यांनी जाहीर केले. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याच्या वखारींची वस्ती. तेथून रोग चाळींत पसरला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधला होता. जंतू कळला होता, पण तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा, हे कळलेले नव्हते. हवेतून, जमिनीतून, घाणीतून, अन्नातून, कपड्यांतून, ज्याला जे सुचेल ते तो सांगत होता.

आणि जोवर कारण कळत नाही, तोवर दोष कोणाच्या माथी बसतो? गरिबाच्या. त्याची खोली घाणेरडी, त्याच्या सवयी वाईट, म्हणून रोग त्याला झाला, असा निवाडा झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, सामान रस्त्यावर आले, अंथरुणे जाळली गेली, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. पुण्यात या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलो. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील जुलाहा विणकर झडतीपथकाविरुद्ध उठले, हे मात्र शाळेत फारसे शिकवीत नाहीत. त्यांच्या मागोमाग गोदीकामगार आणि गाडीवान यांनीही काम बंद केले होते.

त्या दोन वर्षांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली. आगगाड्या आणि बोटी भरभरून माणसे कोकणात, घाटावर परतली. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. जे मालक एरवी कामगाराला दारात उभे करीत नसत, ते रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली बोलू लागले. महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवण्याची ज्या गिरण्यांची रीत होती, त्यांना रोजच्या रोज रोकड मजुरी मोजावी लागली. कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही हकिकत वाचताना हसावे की रडावे, हे कळत नाही. कामगाराची किंमत मालकाला कळली, पण त्यासाठी हजारोंना मरावे लागले.

मरणाऱ्यांत आपली मोठी माणसेही होती. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, ‘दीनबंधू’चे संपादक, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे या साथीत लोकांची सेवा करीत असता प्लेगनेच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. त्यांच्या मागोमाग १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले होते. आज रविवार म्हणून ज्यांना घरी बसता येते, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती सुट्टी मिळवून देणारा पुरुष एका पिसवेच्या दंशाला बळी पडला, आणि तो गेला तेव्हा मारेकरी कोण हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

ते ओळखणारा पहिला माणूस फ्रेंच डॉक्टर पोल-लुई सिमाँ. १८९८च्या जूनमध्ये कराचीत त्याने एका मोठ्या काचेच्या बरणीत पिसवांसकट एक आजारी उंदीर ठेवला, आणि त्याला शिवता येणार नाही अशा बेताने जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर टांगला. उंदरांचा एकमेकांना स्पर्श झाला नाही, पण पिसवांना जाळीची अडचण नव्हती. निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँने हे छापले, आणि विद्वानांनी त्याची थट्टा केली. ज्या किड्याची सर्कस पाहून आपण हसलो, तो माणसांचा काळ ठरावा, हे त्यांच्या गळी उतरेना.

पुढचा दुवा सापडला तो मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे भायखळ्याच्या राणीच्या बागेत. १९०३च्या सुमारास तेथील गिनिपिग पटापट मरू लागले. लिस्टन नावाच्या सरकारी डॉक्टरने तपासले, तर त्यांना प्लेग झालेला, आणि अंगावर पिसवा. त्याही उंदरांच्या जातीच्या! मग लिस्टनने माणसांच्या वस्तीकडे नजर वळवली. एका मोठ्या वस्तीत आधी उंदीर मरून पडले, नंतर रहिवासी पिसवा चावतात म्हणून कुरकुरू लागले, आणि मग माणसांना प्लेग झाला. तेथील माणसांच्या अंगावरून ३० पिसवा धरल्या, त्यांतील १४ उंदरांच्या निघाल्या. उंदीर मेला, अंग थंड पडले, की पिसू उपाशी राहते आणि जवळ मिळेल त्या ऊबदार अंगाकडे वळते. त्या अंगाला ती जात विचारीत नाही.

आता परळ. तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा होती. ही लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. त्याच संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले. १९०५ साली प्लेगच्या शोधासाठी नवे संशोधन मंडळ कामाला लागले. परळला त्यांनी मुद्दाम लहान लहान खोल्या बांधविल्या, आपल्या गरिबांच्या खोल्या असतात तशा. छपरात उंदरांना मोकळी जागा ठेवली, आणि उंदीर खोलीत उतरू नयेत म्हणून मधे तारेची जाळी मारली. जाळीतून उंदीर येत नसे, पण पिसू येई. खाली गिनिपिग ठेवले.

या खोल्यांत जे दिसले, ते लहान मुलालाही समजेल इतके सरळ होते. पिसवा नसलेल्या खोलीत आजारी आणि निरोगी जनावरे एकत्र ठेवली तरी रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. जमिनीपासून दोन इंच उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले जनावर आजारी पडले. दोन फूट उंच टांगलेले वाचले. पिसू काही पाखरू नव्हे, तिला पंख नाहीत. तिची उडी चारपाच इंचांची. एका पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, आणि आतले जनावर वाचले. उडी मारलेल्या पिसवा कागदाला चिकटून राहिल्या. सारा वाद सहा इंच कागदाने मिटवला! झडत्या, जाळपोळ, छावण्या, गोळीबार, या सर्वांनी जे साधले नव्हते, ते पिंजरा दोन फूट वर टांगून कळले.

या कामात लॅम, लिस्टन, पेट्री, रोलंड ही नावे पुढे असतात. पण पै, माणकर, रामचंद्रय्यर, आवारी अशी आपल्या लोकांची नावेही त्या मंडळाच्या कागदांत आहेत. आणि ज्यांची नावे कोठेच नाहीत, असे मुंबईच्या गटारांतून, वखारींतून उंदीर गोळा करणारे कामगार! एका वर्षात लाखावर उंदीर तपासले गेले. त्यांतला प्रत्येक उंदीर कोणीतरी हाताने उचलला होता. मेलेला उंदीर उचलणे म्हणजे त्या दिवसांत मृत्यूलाच हात घालणे होते.

एक प्रश्न उरला होता. पिसू जंतू देते कशी? त्याचे उत्तर १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत मार्टिन आणि बेकॉट यांनी दिले. जंतू पिसवेच्या पोटात वाढतात आणि अन्नमार्गाच्या तोंडाशी त्यांचा बोळा बसतो. रक्त पोटात जात नाही. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि दर वेळी अडलेले रक्त जंतूंसकट जखमेत परत लोटते. हा आर्थर बेकॉट कोण होता? लंडनमधील एका कचेरीत वर्षानुवर्षे खर्डेघाशी करणारा कारकून. कीटकांचा अभ्यास त्याने फावल्या वेळात, स्वतःच्या हिमतीवर केला. पुढे उवांचा अभ्यास करताना त्या तो स्वतःच्या अंगावर पोसत असे. १९२२ साली कैरोत टायफसचा शोध घेत असताना त्याच रोगाने तो गेला. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला ज्ञानाचा दरवाजा कायमचा बंद होतो, असे म्हणणाऱ्यांना मी बेकॉटचे नाव सांगतो.

आता या इतिहासातून आपण घ्यावयाचे काय? पहिली गोष्ट अशी की, अडाणी म्हणवले गेलेले लोक पुष्कळदा शहाणे होते. दख्खनच्या खेड्यांत उंदीर पडू लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या घालून राहत. सरकारला ते भित्रेपण वाटे. परळच्या खोल्यांनी दाखवून दिले की तोच खरा उपाय होता. पिसवा राहिल्या घरात आणि माणसे गेली माळावर.

दुसरी गोष्ट, रोग घाणीचा नव्हता, घराच्या बांधणीचा होता. एका खोलीत आठदहा माणसे, डोक्यावर उंदरांचे छप्पर, शेजारी धान्याची वखार. ही खोली कामगाराने बांधली नव्हती. ती भाड्यासाठी बांधली गेली होती. मुंबईत १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट निघाला, रस्ते रुंद झाले, जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. पण पाडलेल्या खोलीतला माणूस बहुधा शेजारच्या गर्दीतच जाऊन राहिला. म्हणूनच मजुरीइतकाच घराचा प्रश्न हा कामगार संघटनेचा प्रश्न आहे, असे मी नेहमी म्हणत आलो आहे.

तिसरी गोष्ट आपल्या दारातली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातील उमरगा-लोहाऱ्याकडची गावे उद्ध्वस्त झाली. मराठवाड्यात भीतीने लोकांनी घरे सोडली आणि धान्य घरांत राहिले. पुढच्या वर्षी, १९९४च्या पावसाळ्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावचे लोक सांगू लागले की पिसवा फार झाल्या आहेत, उंदीर मरून पडत आहेत. पाठोपाठ गाठीचे रोगी दिसले. सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असा तज्ज्ञांचा कयास आहे. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला, लाखो माणसे पळाली, त्यांत मजूरच फार. त्या साथीत देशात ५४ मृत्यू नोंदले गेले. १८९६ नंतरच्या साथींत हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे मेली होती, त्या मानाने हा आकडा लहान. औषधे आली होती आणि कारण ठाऊक होते, म्हणून तो लहान राहिला. पण मामल्याच्या लोकांनी पिसवांची तक्रार आधी केली होती, हे विसरून चालणार नाही. आजार डॉक्टरला दिसण्याआधी तो घरात राहणाऱ्याला दिसतो.

२०२० साली करोनाच्या साथीत १८९७चा तोच कायदा पुन्हा वापरला गेला, आणि पुन्हा रस्त्यांवरून मजुरांचे तांडे गावाकडे चालत निघाले. त्या मजुरांकडे पाहताना १८९७च्या आगगाड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तेव्हा मुलांना फुलपाखरांच्या बागेत जरूर न्या. पंखांचे रंग दाखवा, अळीचा धीर दाखवा. पण परत येताना त्यांना परळच्या खोल्यांची गोष्टही सांगा. लहान जिवाकडे नीट पाहिले तर मोठी भीती नाहीशी होते, आणि गरिबाच्या खोलीकडे नीट पाहिले तर त्याच्या माथी मारलेला दोष गळून पडतो. आपल्या गावातही धान्याची गोदामे आहेत, गटारे आहेत आणि ती साफ करणारी माणसे आहेत. ती माणसे उद्या सांगू लागली की उंदीर मरून पडत आहेत, तर त्यांचे म्हणणे त्याच दिवशी ऐकून घेण्याची सवय नगरपालिकेने आणि आपण सर्वांनी लावून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.